पारोशी न्याहारी

मी आंघोळीआधी खाते. उठते, चूळ भरते, हातपाय धुते आणि आदल्या रात्रीची भाकरी उरली असेल तर ती, नसेल तर तव्यावरून जे पहिलं उतरेल ते ओट्यापाशी उभी राहून खाते. सासूबाईंना हे माझं लग्न झाल्यापासून खटकत आलंय. पूर्वी त्या म्हणायच्या, "अगं, पारोशीच खातेस?" आता नुसत्या बघतात. मीही त्यांच्याकडे बघत खाते. आमचं एरवी बरं चाललंय, पण या एका बाबतीत मी माघार घेणार नाही आणि का घेणार नाही, हे एकदा कुणाला तरी नीट सांगायचं राहून गेलं होतं. फेब्रुवारी आला की ते सांगावंसं फार वाटतं.

बदलापुरात फेब्रुवारी आल्याचं मला दहावीच्या पोरांवरून कळतं. अजून उजाडायचं असतं, डोंगराच्या बाजूनं गार वारा येत असतो आणि सोसायटीच्या गेटपाशी चार-पाच पोरं क्लासच्या रिक्षाची वाट बघत उभी असतात. तोंडं सुजलेली, पाठीवर दप्तरांची ओझी. एकमेकांशी बोलत नाहीत, बोललीच तर खेकसतात. परवा दूध घ्यायला खाली गेले होते. त्यातल्या एकीला विचारलं, "काही खाल्लंस का गं?"

"नाही मावशी. क्लासमध्ये सांगितलंय, एम्प्टी स्टमकवर ब्रेन शार्प राहतो."

तिची आई तिची पाण्याची बाटली धरून मागेच उभी होती. तिनंही मान डोलावली. "खाल्लं की सुस्ती येते हो यांना."

"कोण म्हणतं?" मी विचारलं. आवाज जरा चढलाच असावा, कारण वॉचमननं खुर्चीतून वळून बघितलं. ती बाई गोरीमोरी झाली. मी तशीच वर गेले, शेंगदाण्याचे दोन लाडू आणले आणि पोरीच्या हातात कोंबले. तेवढ्यात रिक्षा आली. तिनं ते खाल्ले की वळणावर बाहेर टाकले, मला माहीत नाही.

हा रिकाम्या पोटाचा मंत्र मी पहिल्यांदा ऐकला तो अंबरनाथला, मी स्वतः दहावीत होते तेव्हा. दोन हजार सालानंतरची ती मधली वर्षं, भारनियमनाची. आमच्या शाळेत दहावीला सकाळचे जादा तास असायचे, फक्त गणिताचे. साडेसहाला वर्ग भरायचा. वीज असली तर ट्यूबलाइट, नसली तर सरांच्या टेबलावर एक इमर्जन्सी दिवा आणि त्याच्या उजेडात अर्धा फळा. खिडक्यांतून कारखान्यांच्या बाजूचा आंबूस वास यायचा. अजूनही कुठे तसा वास आला की मला आधी त्रिकोणमिती आठवते.

तास घ्यायचे ते देसलेसर. हडकुळे, ताठ, शर्टाची वरची गुंडीही लावलेली. फळ्याच्या कोपऱ्यात त्यांनी स्वतःच्या सुरेख अक्षरात लिहून ठेवलं होतं, 'भरलं पोट झोप घेतं, रिकामं पोट झेप घेतं.' ते कुणी पुसायचं नाही. सर लहानपणी मुरबाडकडच्या एका वाडीतून अनवाणी शाळेत यायचे. दिवस दिवस पाण्यावर काढायचे आणि तरी वर्गात पहिले यायचे. ही गोष्ट ते आठवड्यातून एकदा तरी सांगत आणि आम्ही माना खाली घालून ऐकत असू. त्या गोष्टीपुढे आपल्या पोटात काही असल्याची लाज वाटायची.

माझ्या आईला मात्र अजिबात लाज वाटायची नाही. ती एका कारखान्यात पॅकिंगला होती, पहिली पाळी. पहाटे तिच्या भाकरी थापण्याच्या आवाजानं मला जाग यायची. दादा, म्हणजे माझे वडील, रात्रपाळीहून यायचे असत. आमची एक खोली, खोलीच्या कोपऱ्यात ओटा, ओट्यावर गॅस आणि गॅसच्या निळ्या उजेडात आईचा घामेजलेला चेहरा. ज्वारीची भाकरी तव्यावर फुगली की ती तिला एक टिचकी मारायची. मग त्याच तव्यावर सुकट भाजायची, त्यावर लसणाची चटणी. वास असा की शेजारची मांजर दाराशी येऊन बसायची.

"हात धू, तोंड धू, बस," आई म्हणायची.

"आंघोळ?"

"नळ सातला येतो. तू साडेसहाला वर्गात. मग काय पोट नळाच्या टायमावर चालवायचं?"

आणि मी सरांचा मंत्र ऐकवला की ती हसायची. "तुझ्या सरांना सांग, आधी पोटोबा, मग विठोबा. आपल्यात विठोबा नाही, तेवढाच वेळ वाचला."

मी खायची. गरम भाकरीचा पहिला घास पोटात उतरला की कसं होतं, ते मला आजही सांगता येईल. आधी कानाच्या पाळ्या गरम होतात. मग जग जरा बरं वाटायला लागतं. काल न सुटलेलं उदाहरण आठवतं आणि त्याची भीती वाटत नाही.

पालेगावाहून माझ्या वर्गातली वनिता यायची. पालेगाव तेव्हा खरंच गाव होतं, आज तिथे टॉवर उभे आहेत तिथे तेव्हा भाताची खाचरं आणि भेंडीचे मळे होते. ती अंधारात निघायची, चालत आमच्या चाळीपर्यंत यायची आणि दाराबाहेरूनच हाक मारायची, "येतंस ना गं?" आत यायची नाही. आई विचारायची, "वनू, घासभर खातेस?" तर ती पटकन म्हणायची, "नको मावशी, पारोशी हाय मी."

तिच्या घरचा तो नियम होता. आंघोळ झाल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही आणि पारोशानं चुलीला शिवायचं नाही. नियम चालवायची तिची मोठी काकू. ती सगळ्या घराचीच मोठी, तिच्यापुढे वनिताची आई तर सोडाच, वडीलही बोलत नसत. आणि गावच्या नळाला पाणी यायचं उजाडल्यानंतर. रात्री हंड्यात जे उरायचं ते पिण्याचं आणि देवाचं. त्यात आंघोळ केली तर घर दिवसभर तहानेलं. म्हणजे पाणी नाही म्हणून आंघोळ नाही, आंघोळ नाही म्हणून खाणं नाही आणि पोरगी तर पाण्याच्या आधीच घराबाहेर. यात कुणाचं काही चुकतंय असं त्या घरात कुणालाच वाटत नव्हतं. वनितालाही नाही. तिनं मला एकदा अगदी गंभीरपणे सांगितलं, "माझ्या चुलत बहिणीनं असंच पेपराच्या दिवशी पारोशानं चायबिस्कीट खाल्लेलं. गेली ना फेल!"

मी हसले तर ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

पण वनिता एक नव्हतीच, दोन होत्या. सकाळची वनिता बाकावर बसली की तिच्या कपाळावर आठ्या. सरांनी फळ्यावर समीकरण लिहिलं की ती उतरवून घ्यायची आणि दुसऱ्या ओळीत वजाचं चिन्ह गळून पडायचं. तीच ओळ तीनदा वाचायची. मी कोपरानं खुणावलं की "सोड ना!" म्हणून अंगावर यायची. सरांनी नाव घेतलं की डोळ्यांत पाणी. उत्तर येत असायचं, ओठांपर्यंत यायचं आणि तिथेच अडकायचं. आठला वर्ग सुटला की ती घरी जायची, आंघोळ करायची, जेवायची आणि बाराच्या शाळेला परत यायची. ही दुपारची वनिता. हिला गणिताच्या बाई मुद्दाम फळ्यावर बोलवायच्या. ही खडू हातात घेऊन मागे न बघता प्रमेय सोडवायची, वर मला डोळा मारायची. बाईंच्या नकला करायची. माझा डबा पळवायची.

देसलेसरांना फक्त सकाळची वनिता माहीत होती. आणि दहावीच्या निकालाच्या बाबतीत शाळेत शब्द चालायचा तो त्यांचाच.

आज मी उल्हासनगरला, कॅम्प दोनमधल्या एका शाळेत चौथीला शिकवते. माझ्या वर्गातली पोरं जीन्स शिवणाऱ्या गाळ्यांतली, दुकानांतल्या नोकरांची, काही हातगाडीवाल्यांची. पहिल्या तासाला मी हजेरी घेते तेव्हा नावासोबत विचारते, काय खाल्लं?

"टीचर, चाय और खारी."

"टीचर, काल रात्रीचा भात."

"टीचर, मम्मी को नाइट थी, वो सोयी है. कुछ नहीं."

हे 'कुछ नहीं' ज्या दिवशी चार-पाच तोंडांतून येतं, त्या दिवशी पहिल्या तासात मारामारी ठरलेली. पेन्सिल पडली, धक्का लागला, कुणी कुणाकडे नुसतं बघितलं, एवढंही पुरतं. एक पोरगं आहे, सकाळी सात आणि पाच सांग म्हटलं की शून्यात बघतं आणि खिचडी खाल्ल्यावर तेच पोरगं मला विचारतं, "टीचर, सबसे बड़ा नंबर कौन सा है?" मी कपाटात चणे आणि गूळ ठेवते. पहिल्या तासाला वाटते, सगळ्यांना, म्हणजे कुणाला मान खाली घालायला नको. मुख्याध्यापिका एकदा म्हणाल्या, "अहो, तासाला खाणं? इन्स्पेक्शन आलं तर?" मी म्हटलं, "आलं तर त्यांनाही देऊ." त्या हसल्या नाहीत. मीही चणे बंद केले नाहीत.

शाळेसमोर एक सिंधी मावशी राहतात. त्यांच्यात थदडी नावाचा सण असतो. त्या दिवशी चूल पेटवायचीच नाही, आदल्या दिवशी करून ठेवलेलं गारढोण खायचं आणि तेच पुण्याचं. पहिल्या वर्षी त्यांनी मला असाच गोड लोला दिला, म्हणजे गुळाची जाडजूड पोळी. माझ्या सासूबाई म्हणाल्या, शिळं कसं खायचं? मला गंमत वाटली. एका घरात शिळं वर्ज्य, चार पावलांवर शिळ्याचाच सण. म्हणजे देवाला कशाचंच वावडं नाही, नियम काय ते आपले. आणि माझी आई म्हणायची तेच खरं, पाणी ज्याच्या दारात, त्यालाच आंघोळीचे नियम सुचतात.

त्या वर्षी पूर्वपरीक्षा सकाळची होती, कारण दुपारी वर्ग रिकामे नसत. वनिता गणितात नापास झाली. सरांनी तिच्या वडिलांना बोलावलं. मी व्हरांड्यात उभी होते, सगळं ऐकू येत होतं.

"हिला यंदा बसवू नका," सर म्हणाले. "मुलगी गरीब आहे, पण डोकं नाही. शाळेचा निकाल खाली येईल. पुढच्या वर्षी बाहेरून बसवा."

वनिताचे वडील टोपी हातात घेऊन उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "बाहेरून नि कशाला सर? यंदा नाय तर मग नायच. घरान कामा काय कमी हान?"

ते रागानं बोलले नाहीत, त्यांच्या दृष्टीनं ते सोयीचंच होतं. वनिता खाली बघत होती. सरांना बहुधा थोडी दया आली असावी. ते म्हणाले, "एक फेरचाचणी घेतो. पास झाली तर हॉल तिकीट देईन."

बाहेर आल्यावर वनिता मला म्हणाली, "मना डोकाच नाय, बोलले." दुपारच्या तासाला तिनं फळ्यावर जायला नकार दिला. त्या दिवसापासून दुपारची वनिताही कमी कमी यायला लागली, याचा मला जास्त राग आला.

मग माझीच तक्रार झाली. माझ्या डब्यातल्या सुकटीचा वास वर्गात येतो, असं कुणीतरी सरांना सांगितलं. मी सकाळी खाऊन यायची आणि उरलेली अर्धी भाकरी सोबत आणायची. सरांनी आईला भेटायला सांगितलं. आई पाळी सुटल्यावर तशीच आली, अंगावर कारखान्याचा निळा कोट, केसांत पुठ्ठ्याची धूळ.

सर तिच्याशी नीट बोलले. अभ्यासाच्या दिवसांत मुलांना हलकं ठेवावं, उग्र खाऊ घालू नये, जमलं तर सकाळी काही देऊच नये. मग आवाज खाली आणून, अगदी आपुलकीनं म्हणाले, "तुमच्या घरी भिंतीवर ज्यांचा फोटो असेल ना, तेही अर्धपोटी राहूनच एवढं शिकले. विसरू नका."

आईनं कोटाच्या खिशातले हात बाहेर काढले.

"विसरत नाही, सर. ते अर्धपोटी बसले, ते आमच्या पोरींना बसायला लागू नये म्हणून."

आई पुढे म्हणाली, "सुकटीचा वास येतो तर उद्यापासून चटणी देते. भाकरी बंद होणार नाही. आणि ती पालेगावची पोरगी आहे ना, तिला डोकं आहे. तिच्या पोटात काही नाही, एवढंच आहे. एकदा दुपारी तपासून बघा."

सर म्हणाले, "परीक्षा काय दुपारच्या असतात का?"

घरी आल्यावर आईनं चहा ठेवला आणि एकदम मोठ्यानं म्हणाली, "असतात की नाही ते नंतर. पोरगी तर रोजचीच उपाशी आहे ना!"

मला सरांचा राग येतो तो अजूनही येतो. ते वाईट होते म्हणून नाही. आमच्यासाठी ते पहाटे उठायचे, एक पैसा न घेता शिकवायचे. पण आपल्याकडे भुकेचं कौतुकच फार. कुणी मोठा झाला की आधी विचारायचं, उपास किती काढले? रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला का? पाव पाण्यात बुडवून खाल्ला का? खाल्ला असेल तर टाळ्या. भूक म्हणजे जणू एखादा क्लास, त्याला बसलं की नंबर येतोच. अरे, ज्यांचा आला त्यांच्या गोष्टी झाल्या. जे त्याच बाकावर बसून वजाचं चिन्ह विसरले, त्यांना आपण ढ म्हटलं आणि घरी पाठवलं. त्यांची गोष्ट कोण सांगणार? भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा, हे आपण पोरांना शहाणपण म्हणून शिकवतो. नको मला ते शहाणपण. मला पोरांच्या पोटात कोंडा नको, भाकरी हवी आणि तीही गणिताच्या आधी.

फेरचाचणीच्या सकाळी वनिता नेहमीसारखी दारात आली. हाक मारली नाही, नुसती उभी राहिली. डोळे लाल. आईनं तिला खा म्हटलं नाही. माझ्या डब्यात रोज एक भाकरी घालायची तिथे दोन घातल्या, मधे चटणी आणि गुळाचा खडा, आणि डबा माझ्याऐवजी वनिताच्या हातात दिला. "धर जरा. हिचं दप्तर भरलंय." वनितानं धरला. वाटभर तिनं तो छातीशी धरला होता, गरम लागत असणार.

वर्गात आम्हा सगळ्यांनाच बसवलं होतं, पेपर मात्र तिच्या एकटीच्या जिवाचा होता. सर प्रश्नपत्रिका वाटायला लागले. पहिल्या रांगेपासून सुरुवात झाली. वनितानं बाकाखाली हात घातला, डबा वर घेतला आणि बाकावर ठेवून उघडला. लसणाचा वास साऱ्या वर्गात पसरला. मी तिच्याकडे बघतच राहिले. तिनं भाकरीचा मोठा तुकडा मोडला, चटणी लावली आणि तोंडात घातला.

सर थांबले. "वनिता, काय चाललंय?"

ती उभी राहिली. घास तोंडात होता, तो तिनं नीट चावून गिळला. घाई केली नाही. आख्खा वर्ग थांबला होता.

"खातंय, सर."

"ही वेळ आहे?"

"मना भूक लागलेय सर. रोजच लागतं. मी पारोशी हाय, माझ्या घरी कळलं तं मारतील मना. पन आज मी खाऊन सोडवनार."

मागून कुणीतरी फसकन हसलं. सर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यातल्या आपल्या अक्षरांकडे बघितलं असं मला वाटलं, पण तो माझा भ्रमही असेल. ते म्हणाले, "पाच मिनिटं. सगळे थांबा." तेवढं त्यांचं मानायला हवं. वनिता बसली आणि दोन्ही भाकऱ्या खाल्ल्या, गुळाचा खडाही चघळला. मला घासभरही ठेवलं नाही. मग प्रश्नपत्रिका ओढून घेतली. तासाभरानं मी तिच्याकडे बघितलं तर ती पेन कानावर ठेवून खिडकीबाहेर बघत होती, उत्तरं तपासूनसुद्धा झाली होती. तिनं मला डोळा मारला. दुपारची वनिता सकाळी आली होती.

ती पास झाली. हॉल तिकीट मिळालं. सरांनी ते तिच्या हातात देताना, "बघ, मनावर घेतलं की होतं," असं म्हटलं.

पण बाकावरच्या भाकरीची बातमी पालेगावात पोचली. वनिता दोन दिवस तासाला आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती गालावर वळ घेऊन. मला वाटलं, संपलं सगळं. तिनं दप्तरातून एक फडक्याची पुरचुंडी काढली आणि माझ्यापुढे सोडली. तांदळाची भाकरी, पांढरीशुभ्र आणि पापुद्रा सुटलेली, सोबत भाजलेला बोंबील. आमच्याकडची भाकरी ज्वारीची, ही नक्कीच आमची नव्हती.

"कुणी दिली?"

"आयनं," ती म्हणाली. "काकी उठाच्या आधी केली. ती पन पारोशीच. बोलली, वाटेन खा, नि कोनाला बोलू नको."

वनिताच्या आईला मी तोवर कधी बोलताना ऐकलं नव्हतं. गणपतीला त्यांच्याकडे गेलो की ती वनिताच्या धाकट्या बहिणीला हाताशी घेऊन पाट मांडायची, वाढायची आणि काकूनं हाक मारली की आत जायची. या बाईनं पारोशानं चुलीला हात लावला होता. तिच्या घरात ही किती मोठी गोष्ट होती, ते मला त्या वयातही कळलं. मग परीक्षा संपेपर्यंत रोज ती पुरचुंडी येत राहिली. बोर्डाच्या गणिताच्या पेपरला वनिता आणि मी केंद्राबाहेरच्या कट्ट्यावर बसून खाल्लं. आजूबाजूची पोरं सूत्रं पुटपुटत होती, पालक त्यांच्या तोंडात दहीसाखरेचा एकेक चमचा घालत होते. आम्ही बोंबलाचे काटे काढत होतो.

निकाल लागला. वनिताला गणितात शाळेतल्या मुलींमध्ये सर्वात जास्त गुण होते. जुलैमध्ये गुणगौरव झाला. शाळेच्या हॉलमध्ये खुर्च्या, बाहेर धो धो पाऊस, ओल्या छत्र्यांचा वास. पहिल्या रांगांत पुढच्या दहावीची मुलं बसवली होती, आम्हाला बघून शिकावं म्हणून. पालक मागे, मी तिथेच आईशेजारी बसले होते. वनिताचे वडील आले होते, मोठी काकू नऊवारी नेसून आली होती आणि तिच्या शेजारी, खुर्चीच्या अगदी कडेला, वनिताची आई.

देसलेसर माइकपाशी आले. त्यांनी वनिताला स्टेजवर बोलावलं, तिच्या हातात नारळ दिला. त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते.

"ही पालेगावची मुलगी," ते पुढच्या दहावीला म्हणाले. "अंधारात चालत यायची. पोटात अन्नाचा कण नसायचा. आणि तरी आज ही इथे उभी आहे. लक्षात ठेवा, भूकच माणसाला शिकवते."

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या पोरांनी माना खाली घातल्या, आम्ही घालायचो तशाच. मला वाटलं, झालं, आता हिचीही गोष्ट झाली. दरवर्षी सांगणार, या सगळ्यांना उपाशी बसवणार.

वनिता माइककडे सरकली. हातातला नारळ तिनं काखेत घेतला.

"नाय, सर," ती म्हणाली. "उपाशी होते तवा मी नापास झालेले. नंतर खाऊन येत होते."

टाळ्या थांबल्या. सर हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "अगं, खाऊन म्हणजे... घरी तर तुमच्याकडे एवढ्या लवकर..."

वनितानं हॉलच्या मागे बघितलं आणि गप्प झाली. तिला बोलायचं होतं, पण ते गुपित तिचं एकटीचं नव्हतं. हॉलमध्ये सगळे वळून मागे बघायला लागले. काकूची मान ताठ झाली. मला आठवतंय, मी माझ्या आईचा हात घट्ट धरला होता.

तेव्हा वनिताची आई उभी राहिली. डोक्यावरचा पदर सावरला, पण नजर खाली केली नाही. काकूकडे बघितलं, मग थेट स्टेजकडे. आवाज पहिल्यांदा निघत असल्यासारखा जरा घोगरा होता, पण शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला.

"मी करून देत होते. पारोशानं. आता धाकटीला पन देते."